गेल्या वर्षीची टीम

“गेल्या वर्षी सेमीफायनल. यंदा दुसऱ्या फेरीत घरी. आता ह्याला सुधारणा म्हणायची असेल तर म्हणा बापडे,” सरनोबत सर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

हेच ते त्या दुपारी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणत होते. मंडलिक सरांचं उत्तरही ठरलेलं होतं. गेल्या वर्षी समोर आलेली कॉलेजं लिंबूटिंबू होती. यंदा दुसऱ्याच फेरीत गाठ पडली ती पुढे स्पर्धा जिंकलेल्या टीमशी, आणि तिच्याकडूनही आपण एकाच गोलनं हरलो. त्यावर सरनोबत म्हणाले की एका गोलनं हरलेल्याला काही वेगळं प्रमाणपत्र देत नाहीत. मंडलिक म्हणाले की कॉमर्सवाल्यांना वजाबाकीपलीकडचं दिसत नाही. सरनोबत म्हणाले की भूगोलवाल्यांना नकाशाबाहेरचं मैदान तरी कधी दिसलंय. प्राचार्य शिरगावकर डोळे मिटून बसले होते. मार्च महिना होता. डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता आणि कपातल्या चहावर साय धरली होती.

समितीचा तिसरा सभासद मी. मी अजून काहीच बोललो नव्हतो.

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर जांभळेमामा बसले होते आणि आतला शब्द न् शब्द त्यांना ऐकू जात असणार. मामा आमच्या टीमचे कोच. पलटणीत असताना फुटबॉल खेळलेले, निवृत्त होऊन आल्यावर आमच्याकडे लागलेले, तेही एकेका वर्षाच्या बोलीवर. यंदा संस्थेनं कळवलं होतं की टीम गेल्या वर्षीपेक्षा सुधारली आहे असा जिमखाना समितीचा निर्णय झाला तरच मामांना पुढचं वर्ष मिळेल, नाहीतर एप्रिलपासून त्यांनी येऊ नये. पेन्शन होती, पोटाचा प्रश्न नव्हता. पण पन्नाशी उलटलेल्या, एका गुडघ्यानं लंगडणाऱ्या माणसाला दुसरं कोण मैदानावर उभं करणार, हे आत बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळत होतं.

ज्यांनी कोल्हापूर पाहिलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिथला फुटबॉल तालमींचा आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, पण तालमीची फुटबॉलची टीमही असते, आणि पोरगं ज्या गल्लीत जन्मलं तिथल्या तालमीचं ते जन्मभर असतं. आमच्या कॉलेजात खेळणारी पोरं दोन तालमींची होती, बुरुज आणि पिंपळ. ही पोरं एका गाड्यावर चहा पीत नसत. सरनोबत सर बुरुजचे आणि मंडलिक सर पिंपळचे; दोघंही प्राध्यापक झाले तरी त्यात काही फरक पडला नव्हता. गेल्या वर्षीची टीम जवळजवळ सगळी बुरुजची होती. ती पोरं पदवी घेऊन बाहेर पडली आणि यंदा मामांनी निम्मी टीम पिंपळची घेतली. तेव्हा टीम सुधारली की बिघडली याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता यावर होतं.

मी देवरुखचा, कॉलेजचा ग्रंथपाल. मला तालीम नव्हती, एवढ्याच पात्रतेवर मला समितीत घेतलं होतं. फुटबॉल मला कळत नव्हता. खरं तर ग्रंथालयाबाहेरचं फारसं काही आपल्याला कळतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आणि आता निवृत्तीलाही पुष्कळ वर्षं होऊन गेल्यावर वाटत नाही.

प्राचार्यांनी डोळे उघडले. “आठल्ये, तुम्हाला काय वाटतं?”

मी अडखळत म्हणालो की मी गेल्या वर्षीचे सामने नीट पाहिले नाहीत, यंदाचेही थोडेच पाहिले. आणि दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी समोर ठेवल्याशिवाय तुलना करणं कठीण असतं. मी पुस्तकांच्या सवयीनं बोललो होतो. पण प्राचार्य एकदम सरळ बसले.

“मग ठेवू की समोर,” ते म्हणाले. “गेल्या वर्षीची पोरं गावातच आहेत ना? बोलवा रविवारी.”

सरनोबत आणि मंडलिक त्या दुपारी पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले. ठरलं ते असं. यंदाची टीम जिंकली तर सुधारली, मामा राहतील. गेल्या वर्षीची जिंकली तर नाही सुधारली, मामा जातील. आणि बरोबरी झाली तर दोन प्राध्यापकांची मतं कुठं जाणार हे उघडच होतं, म्हणून निर्णय आठल्ये देतील.

मामांना आत बोलावून हे सांगण्यात आलं. त्यांनी उभ्यानंच ऐकून घेतलं आणि दोन्ही टीम आपल्याच, तर आपण बसायचं कुठल्या बाजूला असं विचारलं. सरनोबत म्हणाले, मधल्या रेषेवर बसायचं. आणि कुठल्याही पोरांशी बोलायचं झालं तर आठल्ये सर सोबत पाहिजेत, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको.

“म्हणजे माझ्यावर राखण,” मामा म्हणाले. मग माझ्या पायातल्या चपलांकडं बघून म्हणाले, “बूट घालून या सर. कुसळं लई हाईत.”

रविवारी संध्याकाळी मैदानाच्या एका बाजूला बुरुजची माणसं बसली होती, दुसऱ्या बाजूला पिंपळची. कॉलेजच्या सामन्याला एरवी कुत्रं फिरकत नसे. मधल्या रेषेवर शिपायानं दोन खुर्च्या टाकल्या होत्या. मी ग्रंथालयातलं नियमांचं पुस्तक आदल्या दिवशी वाचून काढलं होतं, आणि कागदावर मला ऑफसाइडसुद्धा समजला होता.

गेल्या वर्षीच्या टीमचा कॅप्टन होता इंगवले. उंच, रुंद खांद्यांचा, आता उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर काम करणारा. यंदाचा कॅप्टन अतिग्रे, चणीनं लहान आणि पायानं चपळ. अतिग्रे पिंपळचा. गेल्या वर्षीच्या टीममध्ये पिंपळचा तेवढा एकच होता, आणि त्याची जागा आज बुरुजच्याच एका पोरानं भरली होती. नाणेफेकीला दोघांनी हात मिळवले, पण एकमेकांकडं बघितल्याचं मला दिसलं नाही.

खेळ सुरू झाला आणि यंदाची टीम भराभर पुढं जाऊ लागली. पहिला गोल अतिग्रेनं केला. थोड्या वेळानं दुसराही त्यानंच केला. पिंपळच्या बाजूनं शिट्ट्या आणि हलगी सुरू झाली. बुरुजच्या बाजूनं इंगवलेला त्याच्या घरच्यांसकट ज्या शिव्या बसत होत्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. सरनोबत सर उन्हात उभे राहून लाल झाले होते.

मला मनातून बरं वाटत होतं. निकाल लागत होता आणि माझ्यावर काही येत नव्हतं. एक गोष्ट मात्र खटकली. दुसऱ्या गोलच्या वेळी जुन्या टीमचा गोलकीपर चेंडू यायच्या आधीच भलत्या बाजूला पडल्यासारखा वाटला. पण मी पुस्तकात वाचलेलं आठवून पाहिलं, त्यात याबद्दल काही नव्हतं, आणि आपल्याला दिसलं ते बरोबर असेल असं समजण्याची मला कधी सवय नव्हती.

“मामा, सुधारली म्हणायची की टीम,” मी म्हणालो.

मामा समोर बघत होते आणि त्यांचा जबडा हलत होता, पण तोंडात काही नव्हतं.

हाफ टाइम झाला तसे ते उठले. “चला, राखणदार,” म्हणाले आणि लंगडत पाण्याच्या टाकीकडे निघाले. टाकीच्या मागे सावलीत गेल्या वर्षीची पोरं बसली होती. तिथलं बोलणं मैदानावर ऐकू जात नव्हतं. मी मामांच्या मागे थोडं अंतर ठेवून उभा राहिलो. माझे बूट कुसळांनी भरले होते.

पोरं पाणी पीत होती. मामांनी त्यांना पिऊ दिलं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“हे कधी ठरलं?”

इंगवलेनं माझ्याकडं बघितलं.

“सर ऐकू देत. त्यांना त्यासाठीच आणलंय,” मामा म्हणाले.

“मामा, तुम्ही गप बसा की,” इंगवले हळू आवाजात म्हणाला. “आमचं आम्ही बघतो. अजून एक हाफ. मग तुम्ही हितंच ऱ्हाताय.”

“भाईर तुमच्या तालमीची माणसं बसल्यात.”

“बसू देत.”

“पिंपळच्या पोराकडनं दोन गोल खाल्ले म्हणून घरातलं एक माणूस सोडंनात तुझ्या.”

“त्यास्नी म्हाईत न्हाई म्हणून. म्हाईत झालं तर शिव्यांवर भागणार न्हाई,” इंगवले म्हणाला. “बुरुजची जर्सी पुन्हा अंगाला लावू देणार न्हाईत. आमच्यातल्या एकाला पण. हे धरूनच आलोय मामा.”

गोलकीपर मान खाली घालून हातमोज्याची नाडी सोडत आणि बांधत होता.

“कशापायी पण?” मामांनी विचारलं.

“आमचं काय, आम्ही आता कामाला लागलो. त्या पोरांना तुम्ही पायजेसा.”

“कुणाला? अतिग्रेला?”

“व्हय,” इंगवले म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “अतिग्रेला बी.”

टाकीच्या पलीकडून यंदाच्या पोरांचा कालवा ऐकू येत होता. ती दोन गोल पुन्हा पुन्हा करून दाखवत असावीत.

“ऐकू येतंय का?” मामा म्हणाले. “त्यांना वाटतंय ती जिंकायल्यात. मी ऱ्हायलो तर रोज सकाळी त्यांची तोंडं बघायची मला. वर्षभर. आणि मला म्हाईत असणार की मी कशामुळं ऱ्हायलोय.”

“मामा, एवढं कशाला—”

“दोन दिलेसा, ते दिलेसा. आता खरं खेळा. न्हाईतर मी हितनंच घरला जातो, मग कोण जिंकंना.”

“खरं खेळलो तर तुम्ही जाणार मामा.”

“जाईन की,” मामा म्हणाले. ते चिडले नव्हते. फार दमल्यासारखे दिसत होते. “उठा.”

पोरं उठली. आम्ही परत खुर्च्यांवर येऊन बसलो.

दुसऱ्या हाफमधला खेळ वेगळाच होता, हे मलासुद्धा कळलं. इंगवले मैदानाच्या मधोमध एखाद्या खांबासारखा उभा राहिला आणि चेंडू जणू त्याच्यासाठीच यायला लागला. पहिल्या काही मिनिटांतच त्यानं एक गोल केला. यंदाची पोरं बावरली. मघाशी आपण सहज पुढं जात होतो आणि आता का जाता येत नाही, हे त्यांना समजेना. ती एकमेकांवर ओरडू लागली, आणि ओरडताना बुरुजची पोरं पिंपळच्या पोरांवर ओरडत होती. अतिग्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. मग जुन्या टीमचा दुसरा गोल झाला. दोन-दोन.

आता हलगी बुरुजच्या बाजूनं वाजत होती. मामा खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. कुणाच्या बाजूनं ते मला सांगता येणार नाही.

अगदी शेवटी इंगवले एकटा चेंडू घेऊन सुटला. समोर फक्त गोलकीपर, मागून अतिग्रे जीव खाऊन पळतोय. इंगवलेनं क्षणभर मान वळवून मागं पाहिलं आणि चेंडू मारला. तो बारच्या वरून गेला. त्यानं तो मुद्दाम घालवला की खरोखरच गेला, हे मला तेव्हा समजलं नाही आणि अजूनही माहीत नाही. पंचानं शिट्टी वाजवली.

बरोबरी झाली होती.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. सरनोबत म्हणाले की आमची पोरं पहिल्या हाफला झोपली होती, जागी झाल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. मंडलिक म्हणाले की झोपेत खाल्लेला गोलही गोलच असतो. दोघांचेही आवाज बसले होते. प्राचार्य माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “बोला आठल्ये. आणि लवकर बोला, मला घरी जायचंय.”

मी काय करत होतो ते सांगतो. मी दोन हाफ वेगळे करत होतो. पहिला खोटा, म्हणून तो बाजूला ठेवला, की उरला दुसरा, आणि त्यात यंदाची टीम दोन गोलनं हरली होती. खरं उत्तर अगदी सरळ होतं. ते दिलं असतं तर मामांनी टाकीमागे पोरांना जसं खरं खेळायला लावलं तसंच मी इथं खरं बोलल्यासारखं झालं असतं. पण डोळ्यांसमोर मला मैदान येत नव्हतं. हातमोज्याची नाडी सोडणारा तो गोलकीपर येत होता.

“सुधारली आहे,” मी म्हणालो.

सरनोबत पुढं झुकले. “कशावरून?”

“पाहिलं म्हणून.”

“काय पाहिलं? ते सांगा की आम्हाला.”

सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या खोलीतून ते बुरुज तालमीत पोचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. “नीट सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

“पुस्तकातलं सांगता येतं, मैदानावरचं सांगता येत नाही,” सरनोबत म्हणाले. “बूट नवे घेतलेत वाटतं सामन्यासाठी?” त्यावर मंडलिकसुद्धा हसले, खरं तर मी त्यांच्याच बाजूनं मत दिलं होतं. प्राचार्यांनी दोन ओळी लिहिल्या, सह्या झाल्या, सरनोबतांनी सही करताना पेन कागदात रुतवलं, आणि आम्ही उठलो.

मामा बाहेर बाकावर होते. बाकीचे पुढं निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “काय झालं?”

“तुम्हाला राहायचं आहे,” मी म्हणालो.

“कुणाचं मत?”

“माझं.”

ते माझ्याकडं असं बघत राहिले की मला वाटलं आपण पुन्हा काहीतरी चुकीचं केलं. “सर, पहिले दोन गोल कसे झाले ते तुम्ही सोताच्या कानानं ऐकलंय,” ते म्हणाले. “पोरांना मी खोटं खेळू दिलं न्हाई. आणि तुम्ही आत बसून खोटं लिहून आलासा?”

“खोटं नाही लिहिलं.”

“मग यंदाची टीम सुधारली?”

“यंदाचीचं मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मला गेल्या वर्षीच्या पोरांचं वाटलं. ती सुधारली, असं मला वाटलं. मला फुटबॉल कळत नाही मामा. चुकलं असेल.”

मामा परत बाकावर बसले. मीही त्यांच्या शेजारी टेकलो. समोर मैदानावर यंदाची पोरं अजून घोळक्यानं उभी होती.

“गेल्या साली सेमीफायनलला,” मामा म्हणाले, “शेवटाला इंगवल्याकडं बॉल होता. अतिग्रे उजवीकडं उभा. मोकळा. आसपास चिटपाखरू न्हाई. मी हिकडनं बोंबलतोय, दे, दे. इंगवल्यानं त्याच्याकडं बघितलं. चांगलं बघितलं. आणि दिला न्हाई. सोता मारला, भाईर गेला.”

“म्हणून हरलो?”

“म्हणून हरलो. सगळ्या गावाला वाटलं, नशीब. पिंपळच्या पोराला द्यायचा नव्हता त्याला, एवढंच.” त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी दाबला. “मी महिनाभर बोललो न्हाई त्याच्याशी. मग समजावलं, शिव्या दिल्या, सगळं करून बघितलं. मला वाटलं, ह्याला कायच कळलं न्हाई. वर्ष फुकट गेलं माझं.”

मग खिशातून शिट्टी काढून त्यांनी गळ्यात घातली, बाकाच्या हाताला धरून उठले आणि मैदानाकडं निघाले. मीही मागं गेलो. खरं तर आता राखण करायचं काही कारण नव्हतं.

पोरांमध्ये अतिग्रे पहिला गोल कसा केला ते अंगविक्षेप करून सांगत होता. बुरुजची दोघंतिघंही त्याच्याभोवती उभी राहून ऐकत होती. मामांना बघून तो म्हणाला, “मामा, राहिलासा न्हवं?”

“राहिलो,” मामा म्हणाले. “चला, मैदानाला फेऱ्या घाला. मी थांब म्हणेपतोर.”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सगळी घामानं निथळत होती. “आता?” अतिग्रे म्हणाला. “मामा, बरोबरी केली की आम्ही. ते पण गेल्या वर्षीच्या टीमसंगं.”

“व्हय,” मामा म्हणाले. “म्हणूनच. पळा.”